मूळपुरुषांचे घर आणि प्रतिरूपाची सत्ता

बायबलच्या ख्रिस्ती प्रतिरूपवाचनाविषयी साहित्यसमीक्षेत एक समजूत इतकी रुळली आहे की ती समजूत आहे याचेच भान उरलेले नाही. हिब्रू ग्रंथातील व्यक्ती आणि घटना यांत येशूच्या चरित्राची पूर्वचिन्हे पाहणारे हे वाचन अन्योक्तीहून मूलतः भिन्न आहे, असे ती सांगते. अन्योक्तीत वाच्यार्थ हे फोल असते. दाणा हाती आला की ते पाखडून टाकायचे. प्रतिरूपात मात्र पहिली घटनाही खरी आणि दुसरीही खरी; पहिली दुसरीची सूचना करते, दुसरी पहिलीची पूर्ती करते, आणि या व्यवहारात पहिलीचे ऐतिहासिक अस्तित्व अबाधित राहते. एरिख आउअरबाख यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिगुरा’ या निबंधात ही मांडणी केली आणि ‘मिमेसिस’मध्ये (१९४६) तिच्या आधारे यूरोपीय वास्तवचित्रणाच्या इतिहासाचा एक मोठा खंड उभा केला. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘द ग्रेट कोड’मध्ये (१९८२) पुढचे पाऊल टाकून प्रतिरूप हा बायबलचा स्वतःचाच आकृतिबंध ठरवला. परिणामी, प्रतिरूप म्हणजे उपमा-रूपकांच्या पंक्तीला बसणारे एक निरुपद्रवी कथनतंत्र, अशा भाषेत त्याची चर्चा होत राहते. ते तंत्र आहे याविषयी वाद नाही. ते निरुपद्रवी आहे, हे मात्र मान्य करता येणार नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकाचा बाराव्या अध्यायापासून शेवटपर्यंतचा मजकूर म्हणजे एका घराण्याच्या चार पिढ्यांची कहाणी. तीत मंदिर नाही, सीनाय पर्वतावरचे नियमशास्त्र अजून यावयाचे आहे, लढाया नाममात्र आहेत. आहेत ते नवराबायको, सवती, दासी, जुळे भाऊ, सासरा आणि जावई, आंधळा बाप, लाडका धाकटा आणि त्याचा दुस्वास करणारे थोरले. या कथनाचा अर्थ नात्यांत साठवलेला आहे. हागार कोण, या प्रश्नाला ‘साराची दासी, अब्राहामाची बायको, इश्माएलाची आई’ याखेरीज उत्तर नाही आणि ही तीन उत्तरे एकमेकांशी भांडतात म्हणूनच तिची कथा आहे. प्रतिरूपवाचन नेमके हे आडवे धागे कापते आणि प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्रपणे एका उभ्या धाग्याने वर टांगते: इसहाक ख्रिस्ताकडे, सारा स्वर्गीय यरुशलेमेकडे, राहेल चर्चकडे. घटनांमधला काळाचा आणि कार्यकारणाचा आडवा संबंध येथे विरघळतो, हे ‘मिमेसिस’च्या तिसऱ्या प्रकरणात आउअरबाख यांनीच दाखवून दिले आहे. त्यांना तो शैलीच्या इतिहासातील एक टप्पा वाटला. ज्या माणसांना त्या आडव्या संबंधाखेरीज दुसरा आधारच नव्हता त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या विवेचनात येत नाही.

आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा भेद अधिक नेमका मांडता येतो, आणि ती परिभाषा हाताशी असताना ती न वापरणे हे उगाच दारिद्र्य होय. आनंदवर्धनाने ध्वनीचे दोन मुख्य प्रकार केले. एकात वाच्यार्थ विवक्षित असतो, पण तो दुसऱ्या अर्थाच्या सेवेत उभा असतो: विवक्षितान्यपरवाच्य. दुसऱ्यात वाच्यार्थ विवक्षितच नसतो. त्याचा एक पोटप्रकार अत्यंततिरस्कृतवाच्य, ज्यात शब्दाचा मूळ अर्थ पूर्णपणे बाजूला सारला जातो. आउअरबाख यांचा दावा असा की प्रतिरूप हे नेहमी पहिल्या वर्गात पडते. मूळपुरुषांच्या घरातील जे सदस्य निवडले गेले त्यांच्यापुरता हा दावा टिकतो. इसहाक इसहाक राहून ख्रिस्ताची सूचना करतो. पण ज्यांना घराबाहेर काढले गेले त्यांच्या बाबतीत वाचन गुपचूप वर्ग बदलते, आणि तेथे ‘तिरस्कृत’ हा शब्द केवळ पारिभाषिक राहत नाही.

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय या बदलाचे उगमस्थान आहे. तेथे पौल साराची आणि हागारची कथा घेतो आणि ती अन्योक्ती आहे असे स्पष्ट शब्दांत सांगतो. त्यासाठी त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद नव्या करारात पुन्हा कोठेही आलेले नाही. दोन बायका म्हणजे दोन करार. हागार म्हणजे सीनाय पर्वत आणि मुलाबाळांसह दास्यात असलेले आजचे यरुशलेम. स्वतंत्र स्त्री म्हणजे वरचे यरुशलेम. वंशावळीच्या दृष्टीने ही विलक्षण उलथापालथ आहे. सीनायवरचे नियमशास्त्र मिळाले ते साराच्या वंशाला. हागारचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरीही ते नियमशास्त्र पाळणारे एका फटक्यात दासीची संतती ठरतात आणि साराचे वारसत्व, सुंता न करता ख्रिस्ताकडे आलेल्या गलतियातल्या परराष्ट्रीयांकडे जाते.

या युक्तिवादातील सर्वांत गंभीर गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती धर्मशास्त्रापेक्षा कथनमीमांसेच्या प्रांतातली आहे. दासीला आणि तिच्या मुलाला हाकलून दे, हे वाक्य उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात साराच्या तोंडी आहे. ते एका म्हाताऱ्या, उशिरा आई झालेल्या, सवतीच्या मुलाला आपल्या मुलाशेजारी हसता-खेळताना पाहून बिथरलेल्या बाईचे वाक्य आहे. पुढच्याच वाक्यात निवेदक सांगतो की आपल्या मुलामुळे अब्राहामाला ही गोष्ट फार वाईट वाटली. पौल हेच वाक्य उद्धृत करतो ते ‘शास्त्र काय म्हणते?’ अशी प्रस्तावना करून. पात्राचे उद्गार ग्रंथाचे उद्गार होतात. मत्सराचा स्वर पुसला जाऊन विधिवाक्य उरते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने नाटकातील खलपात्राचे वाक्य नाटककाराचे मत म्हणून उद्धृत केले तर त्याचे गुण कापले जातात. येथे त्यावर दोन सहस्रकांची परंपरा उभी राहिली.

यावर उत्तर दिले जाईल की देवानेच अब्राहामाला साराचे ऐकण्यास सांगितले, तेव्हा पौलाने ग्रंथाला डावलले असे कसे म्हणता येईल? ते खरे आहे, आणि हिब्रू कथन साराला दोषी ठरवून मोकळे होत नाही हेही खरे. पण त्याच श्वासात देव दासीच्या पुत्रापासूनही राष्ट्र करण्याचे वचन देतो, कारण तोही अब्राहामाचे बीज आहे. पौल हे वचन घेत नाही. तो हसणेही घेत नाही. मूळ हिब्रूत इश्माएलाच्या हसण्या-खेळण्यासाठी आलेला शब्द ज्या धातूचा आहे, त्याच धातूपासून इसहाकाचे नाव बनले आहे. जणू इश्माएल ‘इसहाकपण’ करीत होता आणि तेच साराला सोसवले नाही. पौलाच्या पत्रात या हसण्याचा छळ होतो: देहाने जन्मलेला आत्म्याने जन्मलेल्याचा छळ करीत होता. एका श्लेषाचे आरोपपत्र झाले.

आणि आरोपपत्र काढले की शिक्षा मागोमाग येते. डोनाटसपंथीयांना कॅथलिक चर्चमध्ये आणण्यासाठी राजसत्तेचे बळ वापरणे योग्य आहे, हे पटवून देताना ऑगस्टिनने इसवी सन ४०८ च्या सुमारास व्हिन्सेंटियसला लिहिलेल्या पत्रात हागारचाच दाखला दिला. गरोदर हागारला साराने छळले, पण खरा छळ करणारी आपल्या उद्दामपणामुळे हागारच ठरते. सारा फक्त शिस्त लावत होती. छळणाऱ्याची आणि छळ सोसणाऱ्याची अदलाबदल हे प्रतिरूपवाचनाचे सर्वांत टिकाऊ तंत्र ठरले. पुढे अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांनी, मालकिणीकडे परत जा हा देवदूताचा हागारला झालेला आदेश पळालेल्या गुलामांवर रोखला, तेव्हा त्यांना नवे काही शोधावे लागले नाही. केवळ कथनतंत्र म्हणून प्रतिरूपाचा गौरव करणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे आपल्या मांडणीत कोठे बसतात ते सांगावे.

आता मूळ संहितेकडे पाहावे. सारा आणि अब्राहाम हागारचे नाव एकदाही उच्चारत नाहीत. तिला नावाने हाक मारणारा पहिला आवाज सोळाव्या अध्यायात रानातल्या झऱ्याजवळ भेटणाऱ्या देवदूताचा आहे. त्या प्रसंगी ती स्वतः देवाला नाव देते, पाहणारा देव. एकविसाव्या अध्यायात तिला पहाटे भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन घालवले जाते. पाणी संपते. ती मुलाला झुडपाखाली टाकते आणि त्याचे मरण दिसू नये म्हणून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन रडते. या संपूर्ण प्रसंगात मुलाचे नाव येत नाही. पण देवाने मुलाचा आवाज ऐकला असे जेव्हा निवेदक म्हणतो, तेव्हा त्या हिब्रू क्रियापदात इश्माएल हे नाव, ‘देव ऐकतो’, ऐकू येते. हाकललेल्या मुलाचे नाव घरातल्यांच्या तोंडून काढून घेऊन कथनाने ते देवाच्या कृतीत लपवले आहे.

पुढचा अध्याय मोरियाचा. तेथेही अब्राहाम पहाटे उठतो. तेथेही एक मुलगा मरणाच्या उंबरठ्यावर नेला जातो, तेथेही आकाशातून हाक येते, तेथेही आधी न दिसलेली वस्तू दिसते: तिकडे विहीर, इकडे झुडपात अडकलेला एडका. तेथेही ‘पाहणे’ या धातूवरूनच त्या जागेला नाव दिले जाते. हे दोन अध्याय जोडीने रचले आहेत, हे कळायला धर्मश्रद्धा लागत नाही, कान लागतात. बापाने आधी एक मुलगा घालवला, मग दुसऱ्याला बांधले. पहिल्याचे मोल दुसऱ्याच्या वेळी कळावे अशी ही बांधणी आहे. ख्रिस्ती परंपरेने ही जोडी फोडली. लाकडे वाहणारा इसहाक तर्तुल्लियनपासून पुढे क्रूस वाहणारा ख्रिस्त झाला, काट्यांत अडकलेला एडका ऑगस्टिनच्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथात काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त झाला. तहानेने मरू घातलेला दुसरा मुलगा सभास्थानाच्या, म्हणजे यहुद्यांच्या, खात्यावर जमा झाला. बाविसावा अध्याय वेदीवर गेला आणि एकविसावा दाराबाहेर.

खेदाची गोष्ट अशी की आधुनिकांनी हीच वाटणी चालू ठेवली. किर्केगार्डच्या ‘भय आणि कंप’ या १८४३ च्या ग्रंथात आरंभीच्या पर्यायी कथनांमध्ये सारा आणि इसहाक क्षणभर दिसतात खरे, पण पुढे डोंगरावर एकटा अब्राहाम उरतो. आउअरबाख यांनी ‘मिमेसिस’च्या पहिल्या प्रकरणात होमरशी तुलना करताना मोरियाच्या कथेतील मौनाचे जे विश्लेषण केले ते अजोड आहे, पण त्या मौनात आदल्या अध्यायात रडणाऱ्या मुलाचा आवाज मिसळलेला आहे, हे त्यांनी ऐकले नाही. ज्यूंच्या ‘अत्यंत लाडक्या पुत्रा’च्या कल्पनेतून ख्रिस्ताचे पुत्रत्व कसे घडले, हे दाखवताना जॉन लेव्हेन्सन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात इश्माएल, इसहाक आणि योसेफ यांना एका ओळीत बसवले, साहित्यसमीक्षकांनी ते काम तेव्हाच करायला हवे होते.

दुसरे उदाहरण याकोबाचे, आणि येथे हानी अधिक सूक्ष्म आहे. याकोब आंधळ्या बापापुढे एसावाचे सोंग घेऊन जातो. आई रिबका त्याच्या हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधते. ‘असत्याविरुद्ध’ या ग्रंथात ऑगस्टिनपुढे पेच होता: असत्य कधीच क्षम्य नाही, तर मूळपुरुषाचे काय करावे? त्याने निर्णय दिला की हे असत्य नव्हतेच, ते गूढ होते. करडांची कातडी म्हणजे पापे. ती पांघरणारा म्हणजे दुसऱ्यांची पापे स्वतःवर घेणारा. तर्क देखणा आहे. पण उत्पत्तीच्या कथनाने याकोबाचा निवाडा आधीच केलेला होता, आणि तो वस्तूंच्या पुनरावृत्तीतून केला होता. ज्याने अंधाराचा फायदा घेऊन धाकटा असताना थोरल्याची जागा घेतली, त्याला लाबान रात्रीच्या अंधारात धाकटीच्या जागी थोरली देतो आणि सकाळी वर सुनावतो की आमच्याकडे थोरलीआधी धाकटी देण्याची रीत नाही. ज्याने करडाच्या कातड्याने बापाला फसवले, त्याला त्याचे मुलगे बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला योसेफाचा अंगरखा दाखवून फसवतात. तो अंगरखा ओळखा असे म्हणणाऱ्या भावांतल्या यहूदाला पुढच्याच अध्यायात तामार त्याच शब्दांत त्याची मुद्रा आणि काठी ओळखायला लावते, आणि तिथल्या सौद्यातही करडू असतेच. प्राचीन यहुदी भाष्यकारांना हा धागा दिसला होता. रॉबर्ट आल्टर यांनी १९८१ मध्ये तो साहित्यसमीक्षेत आणला. कातडीला पापांचे चिन्ह केले की ही साखळी तुटते. कथनाने शब्दही न उच्चारता केलेला नैतिक न्याय नाहीसा होतो आणि याकोब निर्दोष सुटतो. म्हणजे प्रतिरूपवाचनाने एसावाला तर गमावलेच, याकोबालाही गमावले. कारण शिक्षा भोगून घडत गेलेला याकोब हाच या कथेचा याकोब आहे.

एसावाचे ख्रिस्ती चरित्र तर थोडक्यात सांगता येते. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो जन्मापूर्वीच नाकारलेला आहे, आणि इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राने त्याच्या अश्रूंनाही पश्चात्तापाची जागा नाकारली. या नाकारण्याला आधार असलेली भविष्यवाणी, रिबकेच्या गर्भारपणात झालेली, मुळात एक व्याकरणिक प्रश्न आहे. थोरला, धाकटा आणि सेवा करण्याचे क्रियापद, एवढ्याच शब्दांचे ते हिब्रू वाक्य कर्म दाखवणारा निपात वगळते. त्यामुळे कोण कोणाची सेवा करील हे वाक्यरचनेवरून निर्णायकपणे ठरत नाही. मध्ययुगीन व्याकरणकार दाविद किम्ही याने हे नोंदवले आहे. शब्दक्रमाचा कौल रूढ अर्थाच्या बाजूला जातो हे मान्य. पण संदिग्धता आहे. ग्रीक भाषांतरात विभक्तिप्रत्यय लागला आणि ती मिटली. पौलाने ग्रीक पाठ उद्धृत केला. मराठीतही प्रत्यय लावल्यावाचून हे वाक्य लिहिता येत नाही, म्हणून मराठी वाचकाला तो प्रश्न होता हेच कळत नाही. आणि कथेत पुढे काय होते? तेहतिसाव्या अध्यायात वीस वर्षांनी भाऊ भेटतात तेव्हा सात वेळा जमिनीपर्यंत लवतो तो याकोब, स्वतःला दास आणि एसावाला स्वामी म्हणतो तोही याकोबच; एसाव धावत येऊन त्याला मिठी मारतो आणि दोघे रडतात. थोरला धाकट्याची सेवा करतो असा प्रसंग या दोन भावांच्या चरित्रात एकदाही येत नाही. भविष्यवाणीचा संदिग्धपणा कथानकाने जपला, भाष्याने संपवला.

येथे एका न्याय्य आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. यहुदी परंपरेनेही हेच केले नाही काय? केले. रब्बींनी एसावाला अदोम आणि अदोमाला रोम केले, आणि रोम ख्रिस्ती झाल्यावर चर्च. इश्माएलाच्या हसण्यात मूर्तिपूजेपासून खुनापर्यंत सारे काही त्यांनीही वाचले. एकाच वचनाच्या दोन्ही बाजूंना दोन समाज उभे राहिले, दोघेही स्वतःला याकोब म्हणवीत होते आणि एसाव व्हायला कोणीही तयार नव्हते. पण दोन फरक राहतात. रब्बींच्या भाष्यात वाद जिवंत असतो: साराच्या मृत्यूचा संबंध मोरियाच्या वार्तेशी जोडून राशीसारखा भाष्यकार आईचा हिशोब पुन्हा उघडतो. आणि चौथ्या शतकानंतर त्यांच्यापैकी एकाच्याच हाती साम्राज्य होते. जस्टिनने ‘त्रिफोशी संवाद’ लिहिला तेव्हा, दुसऱ्या शतकात, लेआ म्हणजे तुमचे सभास्थान, राहेल म्हणजे आमचे चर्च, आणि लेआचे अधू डोळे म्हणजे तुमच्या आत्म्याचे अधू डोळे, हे एका दुबळ्या पंथाचे वाग्बाण होते. १२३० च्या सुमारास स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलच्या दक्षिण दारावर डोळ्यांवर पट्टी बांधलेली, भाला मोडलेली ‘सभास्थान’ नावाची स्त्री दगडात उभी राहिली, तेव्हा त्या शहरात यहुदी राहत होते आणि तिच्याकडे पाहत होते. जस्टिनच्या ध्यानात एक गोष्ट आलेली दिसत नाही: यहूदा हा लेआचा मुलगा. दाविदाचा, आणि मत्तयाने दिलेल्या वंशावळीप्रमाणे येशूचा, वंश अधू डोळ्यांच्या नावडतीकडून येतो, राहेलकडून नाही.

प्रतिरूपाच्या बाजूने सांगण्यासारखे सर्वांत वजनदार कारण मात्र ऐतिहासिक आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास मार्सियनने हिब्रू ग्रंथ ख्रिस्ती धर्मातून सरसकट वगळण्याचा आग्रह धरला होता. प्रतिरूपवाचन नसते तर अब्राहामाचे घराणे ख्रिस्ती ग्रंथातून तेव्हाच बाहेर पडले असते. आउअरबाख हे लिहीत होते तो काळ तर याहून भीषण. यहुदी म्हणून १९३५ मध्ये मारबुर्ग विद्यापीठातून त्यांना काढण्यात आले, ते इस्तंबूलला गेले. आणि १९३९ मध्ये आयझेनाख येथे जर्मन चर्चमधील यहुदी प्रभाव नष्ट करण्यासाठी खास संस्था स्थापन झाली. अशा वेळी ‘फिगुरा’ हा निबंध जुन्या कराराला यूरोपच्या हृदयात ठेवण्याचा प्रयत्न होता, असे वाचणे योग्यच आहे. त्या धैर्यापुढे नतमस्तक व्हावे. परंतु संकटकाळी घर वाचवण्यासाठी काढलेल्या तोडग्याला त्या घराचा नकाशा मानता येत नाही. लूथरचे उदाहरण पुरे आहे. १५३५ ते १५४५ या काळातल्या उत्पत्तीवरील व्याख्यानांत त्याने अन्योक्तीला दूर सारून अब्राहामाच्या संसाराचे घरगुती, मायाळू वर्णन केले. त्याच दशकात, १५४३ मध्ये, त्याने यहुद्यांची सभास्थाने जाळण्याची शिफारस करणारे पुस्तक लिहिले. मूळपुरुषांचे घर ग्रंथात ठेवले म्हणून त्यांच्या वंशजांना गावात घर मिळतेच असे नाही. कॅथलिक चर्चने १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात यहुद्यांना नाकारलेले वा शापित मानू नये असे म्हटले, आणि यहुदी वाचन हे या ग्रंथाचे एक संभाव्य वाचन आहे हे पोपच्या बायबल आयोगाने २००१ मध्ये मान्य केले. धर्मपीठ येथवर आले असताना साहित्यसमीक्षेने मागे राहावे, हे जरा चमत्कारिक आहे.

मराठी समीक्षेला या प्रश्नाशी देणेघेणे नाही असे कोणाला वाटत असेल तर त्याने ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा उघडावे. थॉमस स्टीफन्सचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे छापला गेला. त्याच्या ओवीचे, उपमांचे, संतकाव्याशी असलेल्या नात्याचे आणि विशेषतः त्यातील मराठीच्या स्तुतीचे कौतुक मराठीत पुरेसे झाले. पण या ग्रंथाची रचनाच एक अर्थनिर्णयन आहे: छत्तीस अवस्वरूंचे ‘पहिले पुराण’, एकोणसाठ अवस्वरूंचे ‘दुसरे’, सृष्टीपासून संदेष्ट्यांपर्यंतचे सारे हिब्रू जग पहिल्यात, आणि ते दुसऱ्याची वाट पाहण्यापुरते. ज्या भाषेत पुराण ही संज्ञा अनेक समांतर पुराणांना सामावून घेते, तेथे ‘पहिले’ म्हणजे ‘अपुरे’ हा अर्थ रुजवणे ही केवढी मोठी वाङ्मयीन कृती होती, याची चर्चा ओवीच्या गोडव्यात राहून गेली. आणि याच भाषेत दुसरेही एक वाचन होते. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिब्रू ग्रंथातील कथांवर मराठी कीर्तने रचली आणि गायली. त्यांचा अब्राहाम कोणाचीही वाट पाहत नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो ज्या ग्रंथात आहे त्याचे नाव ‘जुना करार’ नव्हतेच. एकाच भाषेत, एकाच भक्तिपरंपरेच्या रूपबंधांत, एकाच मूळपुरुषाची दोन वाचने शेजारी उभी असण्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे. ते तपासण्याऐवजी मराठी अभ्यासक ‘टाइप’ आणि ‘अँटिटाइप’ या संज्ञांचे मराठी प्रतिशब्द ठरवण्यात गुंततो.

फिलिस ट्रिबल यांचे ‘टेक्स्ट्स ऑफ टेरर’ (१९८४) आणि डेलोरेस विल्यम्स यांचे ‘सिस्टर्स इन द विल्डरनेस’ (१९९३) या ग्रंथांनी हागारला पुन्हा कथेत आणले आहे. विल्यम्स यांनी तर कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांच्या जगण्याच्या झगड्यातून ती वाचली. त्यावर ‘आजच्या चळवळींचे आरोपण’ असा शिक्का मारला जातो. पौलाचे ते शास्त्र आणि विल्यम्स यांचे आरोपण, हा भेद कोणत्या निकषावर केला जातो हे शिक्का मारणारे सांगत नाहीत. आणि निकष संहितेचा असेल तर संहितेतल्या दोन गोष्टी अद्याप प्रतिरूपाच्या बाहेर शिल्लक आहेत. मोरियाहून अब्राहाम खाली उतरतो तेव्हा त्याच्यासोबत इसहाकाचे नाव येत नाही. तो पुन्हा दिसतो चोविसाव्या अध्यायात, बैर-लहाय-रोईकडून येताना. बापाच्या मृत्यूनंतर तो तेथेच वस्तीला राहतो. ती विहीर हागारची आहे, पाहणाऱ्या देवाला तिने जेथे नाव दिले ती. आणि पंचविसाव्या अध्यायात एकशे पंच्याहत्तर वर्षांचा अब्राहाम मरतो, तेव्हा मकपेलाच्या गुहेत, साराशेजारी, त्याला पुरणाऱ्यांची नावे निवेदक देतो: त्याचे पुत्र इसहाक आणि इश्माएल.